रोवणी संपते, कंबर मात्र दुखतच राहते : हाडे, सांधे व स्नायूंच्या वेदनेविषयीचे नवे संशोधन



आषाढाचा पाऊस स्थिरावला की वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या रोवणीला प्रारंभ होतो. गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाडा व आसपासच्या गावांत या दिवसांत पहाटेपासून बायाबापड्या बांधीत उतरतात. पाय घोट्यापर्यंत चिखलात, गुडघे ताठ, कंबर पूर्ण वाकलेली, एका हातात पऱ्ह्यांची पेंढी आणि दुसऱ्या हाताने अखंड लावणी. दिवस मावळेपर्यंत हीच स्थिती असते. संध्याकाळी घरी परतल्यावर चुलीपुढे बसायचे, पाणी भरायचे आणि रात्री कूस बदलताना कण्हायचे. काही दिवसांत रोवणी संपते; कंबर मात्र पुढे कित्येक महिने दुखत राहते. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडताना, वर्षभर मान खाली घालून बिड्या वळताना, धानाची पोती उचलताना हेच दुखणे निरनिराळ्या रूपांत पुन्हा भेटते.

'कष्टाचे शरीर आहे, दुखणारच' असे म्हणून आपण हे दुखणे अंगावर काढतो. अगदी असह्य झाले तर एक सुई टोचून घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामाला जातो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या वेदनेविषयी जगभर पुष्कळ संशोधन झाले असून त्यातून आपल्या कित्येक जुन्या समजुतींना धक्का बसला आहे. त्या संशोधनाचा परिचय करून देणे आणि ते आपल्या भागातील कष्टकऱ्यांना कितपत लागू पडते याचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

दुखण्याचा पसारा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे १७१ कोटी लोक हाडे, सांधे वा स्नायूंच्या कोणत्या ना कोणत्या विकाराने ग्रस्त आहेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा कंबरदुखीचा. 'लॅन्सेट ऱ्हुमॅटॉलॉजी' या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२० मध्ये ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटींच्या वर जाईल. माणसाला कामापासून दूर ठेवणारे कारण म्हणून कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला लागतो.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयावर मोलाचे काम झाले आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावात घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरांत अठराहून अधिक लोकांना, हाडा-सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे तीत आढळले. ज्याला आपण सरसकट 'संधिवात' म्हणतो, त्यातील सांधे वाकडे करणारा खरा आमवात केवळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. सांध्यांच्या झिजेचे व मऊ भागांच्या दुखण्याचे रुग्ण त्याहून कितीतरी अधिक होते. म्हणजेच बहुसंख्य लोकांचे दुखणे 'वाताचा असाध्य रोग' या सदरात मोडत नव्हते.

आपल्या झाडीपट्टीच्या अधिक जवळचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथील ग्रामीण लोकांच्या पाठदुखीचा अभ्यास हाती घेतला आणि मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज यांनी त्या कामाला साथ दिली. या मंडळींनी २०२१ साली 'जर्नल ऑफ ग्लोबल हेल्थ' मध्ये लिहिलेल्या लेखाचा आशय असा की, पाठदुखी व अंगदुखी हा ग्रामीण भागातील सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असून तेथील समाज त्याच्या उत्तराची वाट पाहत आहे. हिवताप, क्षयरोग, बालमृत्यू यांच्यासाठी शासकीय कार्यक्रम आहेत. रोजंदारीवर पोट असणाऱ्या बाईची कंबर मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही, ही त्यामागची व्यथा आहे.

वेदना म्हणजे नेमके काय?

पूर्वी अशी समजूत होती की, शरीरात जेवढी इजा तेवढी वेदना. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, इजेचा संदेश मेंदूपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही; पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते आणि ते कमी-अधिक उघडते. ठेच लागल्यावर आपण तो भाग चोळतो आणि बरे वाटते, याचे कारण चोळण्याच्या स्पर्शाने ते फाटक काहीसे लोटले जाते. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की, वेदनेचे संदेश वारंवार येत राहिले तर मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील बनते. मग इजा भरून आली तरी साध्या स्पर्शाने, साध्या हालचालीनेही दुखते. चोर पळून गेल्यावरही भुंकत राहणाऱ्या कुत्र्यासारखी ही अवस्था असते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तीनुसार वेदना हा शरीराचा आणि भावनेचाही अनुभव आहे आणि तो प्रत्यक्ष इजा नसतानाही येऊ शकतो. 'मला दुखते' असे एखादी व्यक्ती सांगते तेव्हा तिच्या शब्दाचा आदर राखावा, असेही संघटनेने त्यासोबत नमूद केले आहे. तपासणीत काही दिसले नाही म्हणून 'हिचे सगळे मनाचे खेळ आहेत' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मज्जासंस्था संवेदनशील झाल्याने होणारे दुखणे खोटे नसते. झोप न होणे, सततची काळजी, कर्जाचा घोर, घरातील ताण यांनी ते वाढते. म्हणूनच त्याचा उपचार करताना केवळ मणक्याकडे पाहून भागत नाही, त्या माणसाच्या जगण्याकडेही पाहावे लागते.

'गादी सरकली' या दोन शब्दांची भीती

कंबर दुखू लागली की उसनवार करून, कधी दागिना गहाण टाकून शहरात एमआरआय काढला जातो. अहवालात 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आला', 'नस दबली' असे काही निघते आणि तेव्हापासून तो माणूस स्वतःला कायमचा अधू समजू लागतो. या संदर्भात २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा फार उद्बोधक आहे. ज्यांना कंबरदुखी मुळीच नाही अशा हजारो लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र अभ्यासल्या गेल्या. विशीतील निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीच्या घरातील लोकांत हे प्रमाण ९६ टक्के होते. फुगलेली गादी विशीत ३० टक्के लोकांत, तर ऐंशीत ८४ टक्के लोकांत दिसली. यांपैकी कोणाचीही कंबर दुखत नव्हती! केस पिकतात, कातडीला सुरकुत्या पडतात, तसाच मणकाही वयानुसार बदलतो. चित्रात दिसणारा बदल हे दुखण्याचे कारण असेलच असे नाही. धोक्याची लक्षणे नसतील तर पहिल्याच आठवड्यात एमआरआय काढण्याची घाई करू नये, असे आज तज्ज्ञ सांगतात.

आपोआप बरे होणे आणि उपायाला मिळणारे श्रेय

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय कमरेला लावण्याची रीत आहे. कित्येकांना त्याने बरे वाटल्याचे आपण ऐकतो. त्याचा उलगडा ऑस्ट्रेलियातील एका चाचणीने चांगला होतो. नव्याने कंबर धरलेल्या सुमारे १,६५० रुग्णांचे तीन गट करण्यात आले. दोन गटांना पॅरासिटामॉल निरनिराळ्या प्रकारे दिले आणि तिसऱ्याला औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली. २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तिन्ही गटांतील निम्मे रुग्ण १६ ते १७ दिवसांत बरे झाले. गोळी खरी की खोटी, याने काही फरक पडला नाही. नवी उसण बहुतेकांत काही आठवड्यांत शरीर स्वतःच भरून काढते. त्या काळात पायाळूचा पाय लागला तर श्रेय पायाळूला, सुई टोचली तर सुईला आणि महागडा पट्टा बांधला तर पट्ट्याला मिळते.

अंथरुणावर पडून राहण्याचेही तसेच. हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दोन दिवस झोपून राहणाऱ्यांपेक्षा झेपेल तेवढे नेहमीचे काम करीत राहणारे लवकर बरे झाले. 'हलू नकोस, पडून राहा' हा प्रेमाने दिलेला सल्ला अशा वेळी हिताचा ठरत नाही.

गोळी, सुई आणि पट्टा

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी प्रथमच मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे, व्यायाम, मालिशसारखे काही हस्तोपचार, मनोवृत्तीत बदल घडविणारे मानसोपचार आणि गरजेपुरती दाहशामक औषधे यांचा तीत स्वीकार आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून मणका ताणणे, अल्ट्रासाउंडचा शेक, स्टेरॉइड आणि अफूवर्गीय वेदनाशामके नित्याच्या उपचारात देऊ नयेत, असे तीत म्हटले आहे.

अफूवर्गीय औषधांबाबत तर २०२३ मध्येच 'लॅन्सेट' मधील एका चाचणीने चकित केले. नव्याने पाठ वा मान धरलेल्या ३४७ रुग्णांत अशा औषधाचा सहा आठवड्यांनंतर नकली गोळीहून अधिक उपयोग झाला नाही; उलट वर्षभरानंतर त्याचा गैरवापर होण्याचा धोका वाढलेला दिसला. आपल्या देशातही ट्रामाडॉल या गोळीची चटक लागते हे ओळखून २०१८ साली तिला अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणण्यात आले.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक यांसारखी दाहशामके थोड्या दिवसांसाठी, वैद्याच्या सल्ल्याने घेतल्यास उपयोगी पडतात. परंतु महिनोन्‌महिने रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला व्रण होतो आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन भारतीय उपखंडातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरू लागली, म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. माणसाचे शरीर ते अधिक सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. मे महिन्याच्या उन्हात, पुरेसे पाणी न पिता, तेंदूपाने तोडताना रोज ही गोळी घेणे विशेष धोक्याचे होय.

झटपट आराम देणाऱ्या सुईत वा कागदाच्या पुडीतील अनोळखी गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस अंग हलके वाटते. मात्र वारंवार घेतल्यास चेहरा सुजतो, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. दीर्घकाळ घेतल्यावर ते एकाएकी बंद करणेही घातक असते. औषधाचे नाव विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. नाव सांगितले जात नसेल तर ते औषध घेऊ नये.

शस्त्रक्रियेविषयीही विवेक हवा. अमेरिकेत १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झिजलेला गुडघा दुर्बिणीतून साफ केलेले आणि केवळ कातडीवर छेद देऊन टाके घातलेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण दोन वर्षांनंतर सारख्याच स्थितीत होते. पूर्णपणे झिजलेल्या गुडघ्याच्या सांधेबदलाची गोष्ट वेगळी. योग्य रुग्णाला तिचा मोठा लाभ होतो.

चालणे आणि निर्भयपणा

मग उपयोग कशाचा होतो? ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवर झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला हळूहळू वाढवत नेलेले चालणे आणि दुखण्याविषयीची माहिती देण्यात आली. आठवड्यातून पाच वेळा, अर्ध्या तासापर्यंत चालण्याचे उद्दिष्ट होते. दुसऱ्या गटाला काहीच दिले नाही. दुखणे उलटण्याचा मध्यम काळ दुसऱ्या गटात ११२ दिवस, तर चालणाऱ्यांत २०८ दिवस निघाला. औषध नाही, यंत्र नाही, आणि तरी जवळजवळ दुप्पट काळ आराम!

२०२३ च्या दुसऱ्या एका चाचणीत, जुन्या कंबरदुखीच्या ४९२ रुग्णांना भौतिकोपचारतज्ज्ञांनी आपले दुखणे समजून घेणे, भीतीने टाळलेल्या हालचाली पुन्हा शिकणे आणि झोप व दिनचर्या सुधारणे यांचे मार्गदर्शन केले. काही मोजक्या भेटींचा लाभ वर्षभर टिकला. वाकण्याची भीती गेली की शरीर सैल होते आणि वेदनाही उतरते, असा त्याचा मथितार्थ आहे.

आम्ही तर दिवसभर राबतोच!

येथे आपल्या भागातील एखादी आजी रास्त प्रश्न विचारील : "बाबा, मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत राबते. आणखी चालू कशाला?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वरील बहुतेक चाचण्या सधन देशांतील लोकांवर झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष बांधीत राबणाऱ्या बाईवर जसेच्या तसे लादता येत नाहीत.

काम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायामात हालचाल बदलती असते, ताण हळूहळू वाढवला जातो आणि मध्ये विश्रांती असते. रोवणीत एकच स्थिती तासन्‌तास टिकते, वेग मुकादम वा सोबतच्या रांगेवर अवलंबून असतो आणि थांबले तर मजुरी बुडण्याची भीती असते. अशा स्त्रीला अधिक श्रमाची गरज नाही. तिला विश्रांती, स्थितीत बदल आणि उलट दिशेची हालचाल यांची गरज आहे. म्हणून पुढील साध्या गोष्टी उपयोगी ठराव्यात :

अर्ध्या तासाने एकदा सर्व रांगेने मिळून उभे राहावे, हात कमरेवर ठेवून सावकाश मागे झुकावे, चार पावले चालावे. सर्वांनी एकदम थांबल्यास कोणीच मागे पडत नाही.

लावणी, पऱ्हे उपटणे आणि पेंढ्या पोहोचविणे ही कामे दिवसातून आलटून पालटून करावीत.

पोते वा गुंडी उचलताना ती अंगाजवळ घ्यावी, गुडघे वाकवावेत आणि उचललेले ओझे घेऊन कमरेतून पिळू नये. जड पोते दोघांनी उचलावे.

बिड्या वळणाऱ्यांनी सूप उंच पाटावर ठेवावे, पाठ भिंतीला टेकवावी आणि अधूनमधून मान व खांदे फिरवावेत.

रोवणीच्या आधीच्या महिन्यात रोज थोडे चालणे, खुर्चीवरून वा पाटावरून हात न टेकता उठणे, पालथे झोपून छाती उचलणे असे सोपे व्यायाम करून शरीर तयार करावे.

प्रश्न केवळ शरीराचा नाही, शेतीच्या पद्धतीचाही आहे. रोवणी यंत्र, ड्रमच्या साहाय्याने केलेली पेरणी, आपल्याकडील जुनी आवत्या पद्धत यांनी वाकण्याचे श्रम कमी होतात. मात्र यंत्र आले की मजुरी जाते, हीही वस्तुस्थिती आहे. बाईची कंबर वाचावी आणि तिची चूलही विझू नये, असा मार्ग ग्रामसभा, बचत गट व शेतकरी यांनी एकत्र बसूनच काढावा लागेल.

ही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत

पुढीलपैकी काही आढळल्यास विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा गोंदियाच्या शासकीय रुग्णालयात जावे : दोन्ही पायांत वाढती कमजोरी, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा, पडल्यानंतरचे तीव्र दुखणे, रात्री झोपेतून उठविणारी वेदना, सोबत ताप, घटते वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो आणि वेळीच ओळखल्यास तो औषधांनी बरा होतो. सकाळी सांधे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असतील आणि हाताच्या बोटांना सूज असेल तर आमवाताची तपासणी करावी. लवकर उपचार केल्यास सांधे वाकडे होणे टळते.

पूर्व विदर्भातील आणखी एक गोष्ट विशेष महत्त्वाची. लहान मुलाचे वा तरुणाचे हातपाय, पाठ, हाडे वारंवार असह्य दुखत असतील तर सिकलसेलची रक्ततपासणी अवश्य करावी. या आजाराच्या निर्मूलनासाठी १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय अभियान सुरू असून त्यात तपासणीवर भर आहे. अशा मुलाला 'कामचुकार' म्हणून हिणवणे हा मोठा अन्याय होईल. तापानंतर महिनोन्‌महिने सांधे दुखत राहिले तर चिकुनगुनियाचाही विचार व्हावा. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली त्याची साथ आली होती आणि २००५-०६ पासून तो पुन्हा आपल्या राज्यात ठाण मांडून आहे.

समारोप

नव्या औषधांचा शोधही सुरू आहे. २०२१ चे नोबेल पारितोषिक उष्णता व स्पर्श जाणणाऱ्या संवेदकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापुटियन यांना मिळाले. मज्जातंतूतील एक विशिष्ट मार्ग रोखणारे, अफूवर्गात न मोडणारे सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी मान्य झाले. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि दवनीवाड्याच्या बांधीतील माउलीला लागणारे बरेचसे उपचार आजही हाताशी आहेत आणि त्यांना फारसा पैसा लागत नाही : दुखण्याची खरी माहिती, भीतीपासून मुक्ती, वेळेवर विसावा, योग्य हालचाल, पुरेशी झोप आणि धोक्याच्या लक्षणांची ओळख.

याखेरीज आणखी एक उपचार घरातल्यांच्या हाती आहे. रोवणीहून परतलेली आई, सून वा आजी कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी राहते, तेव्हा पाण्याची घागर दुसऱ्या कोणी उचलावी आणि चुलीपुढे त्या रात्रीपुरते दुसऱ्या कोणी बसावे. 'दुखते' हा तिचा शब्द खरा मानावा. तिच्या बरे होण्याची सुरुवात तेथूनच होते.